गोल दिवा, चौकोनी दिवा

बावीस वर्षं तिनं स्कूटरींना नावं ठेवली. म्हणजे टीका केली नाही, खरोखरच नावं लावली. कारखान्याच्या अगदी शेवटच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि टेबलावर दोन खोकी. डावीकडच्यात ‘बेलोरा’, उजवीकडच्यात ‘हार्डिन’. चकचकीत धातूची अक्षरं, प्रत्येक नावाच्या मागे दोन बारीक खिळे. कारखान्यात त्याला मोनोग्राम म्हणत. लायनीवरून स्कूटर यायची ती बिननावाची, कोरं कपाळ घेऊन. ती सोबतचा कागद बघायची, त्यावर लिहिलेलं नाव खोक्यातून उचलायची, पुढच्या पत्र्याला आधीच पाडलेल्या भोकांत बसवायची, मागून पकडीनं खिळे वाकवायची आणि अंगठ्यानं एकदा दाबून बघायची. शेजारची बाई दिवा लावायची, बेलोराला गोल, हार्डिनला चौकोनी. तिसरी बाई बाजूच्या पत्र्यांवर पट्ट्या चिकटवायची, बेलोराला चंदेरी, हार्डिनला लाल. झालं. दोन देशांतल्या दोन कंपन्यांच्या दोन स्कूटरी तयार. बाकी इंजिनापासून किकच्या रबरापर्यंत सगळे एकाच माळेचे मणी.

शहराला यातलं काही ठाऊक नव्हतं. कारखाना शहरापासून तासाभराच्या अंतरावर, त्याच्या फाटकावर तिसरंच नाव, आणि माल बाहेर पडायचा तो पुठ्ठ्यात गुंडाळून. शहरात सगळ्यांना माहीत होतं ते असं, की बेलोरा समुद्रकाठच्या देशात बनते. तिथले लोक शौकीन, त्यामुळे गाडी दिसायला देखणी, चालायला मऊ, पण जपून वापरायची. हार्डिन थंड, डोंगराळ देशात बनते. तिथे लोखंड रग्गड, म्हणून पत्रा जाड आणि गाडी दणकट. जाहिरातीत यातलं निम्मंच होतं, उरलेलं लोकांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. एक निवृत्त मास्तर तर दोन्ही गाड्यांच्या पत्र्यांवर टिचकी मारून आवाजातला फरक ऐकवायचे, आणि ऐकणाऱ्यांना तो ऐकूही यायचा.

कंपन्या खोट्या नव्हत्या. त्या त्या देशात त्यांची कचेऱ्यांची इमारत होती, साहेब होते, नकाशे काढणारे होते. फक्त स्कूटर तिथे बनत नव्हती. एवढी एकच गोष्ट लोकांना कळू नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणून शेवटच्या खोलीला कुलूप असायचं आणि खोलीतल्या सहा बायकांनी कामावर रुजू होतानाच एका कागदावर सह्या केल्या होत्या. आत जे चालतं ते बाहेर बोलायचं नाही. तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं, “कसल्यातरी कागदावर सही घेतली. आतलं बाहेर बोलायचं नाही म्हणे.” नवरा म्हणाला, “मग बोलू नकोस.” अळीमिळी गुपचिळी, विषय संपला.

तिच्या हातून चूक एकदाच झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर कागदांचा गठ्ठा उलटा ठेवला गेला आणि एका स्कूटरला हार्डिनचं नाव लागलं, दिवा मात्र गोल. ती तशीच पुठ्ठ्यात गेली, फाटकातून गेली आणि कुठल्याशा गावात विकलीही गेली. चूक लक्षात येताच तिनंच जाऊन सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर स्वतः जाऊन गाडी बदलून द्यायला तयार झाला, तर गिऱ्हाईकच देईना. ‘ही खास आवृत्ती आहे, मला माहीत आहे’, असं त्यानं ठणकावून सांगितलं. सुपरवायझर परत आला आणि खोलीत येऊन म्हणाला, “बाई, तुमच्यामुळं एक माणूस आयुष्यभर खूश राहणार.” ती त्या दिवशी हसली, पण पुढे कागदांचा गठ्ठा कायम पकडीखाली दाबून ठेवू लागली.

तिचा नवरा मेकॅनिक. आता खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण तो नुसता मेकॅनिक नव्हता, बेलोराचा मेकॅनिक होता. गॅरेज त्याच्या वडिलांनी काढलेलं, पहिल्यापासून बेलोराचं अधिकृत. दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे फक्त बेलोरा’. वडील आणि दोन मुलगे, तिघंही तिथेच. सासरे करड्या आवाजाचे आणि थोडक्यात बोलणारे. त्यांच्या तोंडून शाबासकी म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मग एक दिवस ती शिफ्ट संपवून घरी आली तर नवरा ओट्याशी उभं राहून पाणी पीत होता. म्हणाला, “धाकटा गेला.”

“कुठे गेला?”

“गॅरेज सोडून. त्याला म्हणे हार्डिन चांगली वाटते. जाऊ दे.”

महिन्याभरात दिरानं दोन गल्ल्या सोडून हार्डिनचं दुकान थाटलं. पुढे विक्री, मागे दुरुस्ती. त्या दिवसापासून दोघा भावांत विस्तव जाईना. नवरा गिऱ्हाइकांना सांगे, “हार्डिन म्हणजे डबा. रिकामा असतो तेव्हा जास्त वाजतो.” दीर आपल्या गिऱ्हाइकांना सांगे, “बेलोरा ही बाहुली आहे, काचेच्या कपाटात ठेवा.” शहराला मजा आली. कोणाचं खरं यावर न्हाव्याच्या दुकानात वाद रंगत. सासरे दोन वर्षांनी गेले, तेव्हा दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलले, एकमेकांशी सोडून.

अशी नऊ वर्षं गेली. नऊ वर्षं ती रोज सकाळी बसनं जायची, दिवसभर एकाच लायनीवरून आलेल्या गाड्यांना डावीकडून आणि उजवीकडून नावं लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन जेवताना ऐकायची, की हार्डिनच्या इंजिनात दम नाही. तिच्या ओठावर वाक्य यायचं. अहो, तुमचं आणि भाऊजींचं भांडण ज्या गोष्टीवरून आहे ती गोष्टच नाहीये. मग कागदावरची सही आठवायची आणि ती भात वाढायची. पहिली काही वर्षं कागदाची भीती होती. पुढे त्याहून मोठी भीती आली: आता सांगितलं तर पहिलाच प्रश्न येणार, इतके दिवस का नाही सांगितलंस? मुकाट्यानं बसलं की त्याचंही ओझं वाढत जातं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दोन घरांचं येणं-जाणं आपल्या एका वाक्यावर अडलंय असं तिला मनापासून वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

जावेशी मात्र तिचं चांगलं होतं. नवरे बोलत नाहीत म्हणून बायकांनी भाजी वेगवेगळ्या दिवशी घ्यावी असा काही नियम नव्हता. बाजारात दोघी भेटत, पिशव्या खाली ठेवून बोलत, मुलांची ख्यालीखुशाली एकीकडून दुसरीकडे जाई आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत पोचे. म्हणजे तसं पाहिलं तर दोघा भावांना एकमेकांचं सगळं माहीत असायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, एवढंच चाललेलं.

त्या वर्षी कारखान्यात नोटीस लागली. दोन्ही कंपन्यांनी आपलं काम उचलून तिसऱ्याच देशात न्यायचं ठरवलं होतं. तिथे यंत्रं नवी, आणि नावं धातूची लावायची नाहीत, छापील चिकटवायची. यंत्र चिकटवणार. शेवटच्या खोलीतल्या सहा बायकांना हिशेब आणि एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सुपरवायझरनं जुन्या सह्यांचे कागद त्यांच्यासमोर फाडले. म्हणाला, “आता काय बोलायचं ते बोला. ऐकणार कोण, हा प्रश्न आहे.” ती शेवटच्या बसनं घरी आली.

त्याच आठवड्यात बाजारात जाऊ भेटली. तिच्या पिशवीत भाजी थोडीच होती. म्हणाली, “आम्ही निघालो. या महिन्याअखेर. कंपनीनं लहान दुकानदारांना काढलं. मुलीकडे जातोय, तिकडे ह्यांना एका वर्कशॉपमध्ये काम मिळतंय.”

“किती लांब?”

“आठ तास. रेल्वेनं.” जावेनं वांगी उगाचच खालीवर केली. “आता हे दोघं काही बोलायचे नाहीत, वहिनी. दोन गल्ल्यांवर नाही बोलले, ते तिथून काय बोलणार?”

महिना संपायला अकरा दिवस होते. कागद फाटलेला होता. आता न सांगायला काही कारण उरलं नाही, हे तिला घरी जाताना वाटेतच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅरेजात गेली. नवरा स्टुलावर बसून कार्ब्युरेटर साफ करत होता. ताटलीत पेट्रोल, त्यात सुटे भाग, हातात बारीक तार. ती समोरच्या उलट्या डब्यावर बसली.

“अहो, एक सांगायचंय.”

“सांग की.”

“बेलोरा आणि हार्डिन एकच आहे. एकाच लायनीवर बनते. नाव मी लावायचे. दिवा माझ्या शेजारची लावायची. बावीस वर्षं.”

त्यानं पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या भोकात तार घातली, काढली, तोंडाशी धरून फुंकर मारली आणि उजेडाकडे धरून आरपार बघितलं. मग म्हणाला, “माहीत आहे मला.”

तिला आधी वाटलं त्याला नीट ऐकूच आलं नाही.

“कधीपासून?”

“धाकटा गेला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. एका माणसाची हार्डिन दारात बंद पडली, त्याला घाई होती. शटर अर्धं ओढून घेतलं आणि गाडी उघडली. पिस्टन हातात घेतला आणि कळलं. तीस वर्षं हेच करतोय, मला नाही कळणार? सीटखाली ती छोटी पट्टी असते ना आकड्यांची, कारखान्याचा आकडासुद्धा तोच, तुझ्या पगाराच्या पाकिटावर असायचा तो.”

“मग मला कधी विचारलं नाहीत?”

“तू सही केली होतीस. कशाला अडचणीत घालू तुला?”

“आणि भाऊजींना?”

“त्यालाही माहीत आहे. मागं माझ्याकडच्या क्लच प्लेट संपल्या, तर स्पेअर पार्टवाल्यानं धाकट्याच्या दुकानातून आणून दिल्या. हार्डिनच्या खोक्यातून काढून बेलोराच्या खोक्यात भरून. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, तो तुमच्या नेतो, तुम्ही त्याच्या नेता, माझं काय जातं?”

ती डब्यावर बसून राहिली. बावीस वर्षं जपलेलं गुपित ते, आणि ते कोणालाच नको होतं. आपण उगाचच जीव जाळला, हे तिला फार लागलं; क्षणभर तर तिला नवऱ्याचा, दिराचा, स्पेअर पार्टवाल्याचा, सगळ्यांचाच संताप आला. मग तो ओसरला आणि खाली साधा प्रश्न उरला.

“मग भांडण कशावरून आहे?”

त्यानं ताटलीतले भाग एकेक करून उचलले. कार्ब्युरेटर जोडून झाला, स्क्रू आवळून झाले.

“त्या दिवशी एक गिऱ्हाईक बसलं होतं. बाबा त्याला म्हणाले, थोरल्याच्या हातात कला आहे, धाकट्याच्या हातात नुसता पाना आहे. धाकटा तिथेच होता, चाक काढत होता.” त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “आणि मी हसलो.”

“मोठ्यानं?”

“नाही, थोडंसंच. पण तो बघत होता. संध्याकाळी म्हणाला, दादा, तू हसलास. मी म्हटलं, नाही हसलो. तो म्हणाला, हसलास. मी म्हटलं, वेडा आहेस का तू? दुसऱ्या दिवशी आलाच नाही. लोकांना काय सांगायचं? त्यानं सांगितलं हार्डिन, मी म्हटलं बेलोरा.”

“का हसलात पण?”

तो उठला. स्कूटरखाली आडवा झाला आणि तिला दिसत राहिले ते त्याचे फक्त पाय.

ती तिथून उठली ती थेट दोन गल्ल्या ओलांडून दिराच्या दुकानात गेली. नऊ वर्षांत त्या दुकानाच्या पायरीवर तिनं पाय ठेवला नव्हता. पुढची काच काढलेली, भिंतीवर पाटीच्या जागी फिक्या रंगाचा चौकोन. दीर खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

“या वहिनी. खुर्च्या बांधून झाल्या, खोक्यावरच बसा.”

ती बसली नाही. म्हणाली, “भाऊजी, ते हसले होते.”

पट्टीचा आवाज थांबला. “कोण म्हणालं?”

“ते स्वतः म्हणाले. आत्ता.”

“तुम्हाला म्हणाला?”

“हो.”

दिरानं दातानं पट्टी तोडली आणि हाताच्या पंजानं खोक्यावर दाबून बसवली. “मग तुमचं मिटलं, वहिनी. माझं नाही मिटलं.” आवाजात राग नव्हता. दुसरं खोकं ओढत म्हणाला, “तो हसला त्याचं एवढं नव्हतं. बाबांचं बोलणं मला नवीन नव्हतं. पण नाही हसलो म्हणाला ना, त्यानंतर मला माझ्याच डोळ्यांवर शंका यायला लागली. नऊ वर्षं मी विचार करतोय, की मला नसलेलं दिसायची सवय आहे की काय.”

तिनं हे घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. या कामाची तिला सवय होती.

“म्हणजे मी जाऊन काय करू?”

“केलंत ते सांगा.”

“नऊ वर्षांनी?”

“दहाव्या वर्षी सांगायचं तर रेल्वेत बसावं लागेल.”

तो हातपाय धुवायला उठला. पुढचे नऊ दिवस असेच गेले. सकाळी गॅरेज उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा, जेवायचा, झोपायचा. एकदा ताटावर बसून म्हणाला, “लोक काय म्हणतील?” तिनं विचारलं, “कोण लोक?” त्यावर त्यानं भात मागितला.

शेवटच्या दिवशी ती सकाळीच दुकानावरच्या माडीवर जावेकडे गेली, स्वयंपाकघरातली उरलेली भांडी कागदात गुंडाळायला. नवरा नेहमीसारखा गॅरेजला निघून गेला होता. तिनं त्याला काही म्हटलं नव्हतं. म्हणायचं ते म्हणून झालं होतं. ट्रक नऊला आला. खोकी चढली, कपाट चढलं, गाद्या चढल्या. दहाच्या सुमाराला जावेनं तिच्या कोपराला हात लावला आणि खिडकीतून खाली दाखवलं. दोघी दुकानाच्या दारापाशी उतरणाऱ्या जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या.

नवरा गल्लीतून चालत येत होता. कामाच्या कपड्यांत, हात काळे. स्कूटर आणली नव्हती. दुकानाच्या दाराशी येऊन तो थांबला. आत दीर आणि ट्रकचा ड्रायव्हर लोखंडी टेबल हलवायच्या खटपटीत होते. एका कडेला लोखंड पकडून ठेवायचा शेगडा बसवलेलं, जाड पत्र्याचं, कामाचं टेबल. ड्रायव्हरनं दोघांकडे बघितलं आणि पाणी प्यायचं निमित्त काढून तो बाहेर गेला.

“काय?” दीर म्हणाला.

“मी हसलो होतो.”

दीर टेबलाला रेलून उभा राहिला. “माहीत आहे.”

“नाही म्हणालो ते खोटं होतं.”

“तेही माहीत आहे.” मग मान वर करून, “का हसलास, दादा?”

जिन्यावर तिनं कठडा धरला. हाच प्रश्न तिनं विचारला होता, आणि तिला पाय दिसले होते.

नवऱ्यानं हात कपड्यांना पुसले. पुसून निघण्यासारखं त्यावर काही नव्हतं. “बरं वाटलं मला,” तो म्हणाला. “बाबा कधी म्हणायचे नाहीत असं. पहिल्यांदाच म्हणाले. तुझ्याकडे लक्षच नव्हतं माझं. मला नुसतं बरं वाटलं.”

दीर त्याच्याकडे बघत राहिला. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, कोणती ते दोघांनीही पाहिलं नाही.

“मलाही वाटलं असतं,” दीर म्हणाला. मग वाकून त्यानं टेबलाखाली हात घातला. “ते टोक धर. जड आहे.”

दोघांनी टेबल उचललं. दारातून काढताना ते तिरपं करावं लागलं. नवरा म्हणाला, “तुझ्याकडून वर,” दीर म्हणाला, “कळतंय मला,” आणि टेबल ट्रकमध्ये गेलं. मग दोघं ट्रकच्या फळीवर शेजारी शेजारी बसले. काय बोलत होते ते जिन्यावर ऐकू येत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं बसले असतील. जाऊ रडत होती आणि रडता रडता डबे मोजत होती.

तिला आनंद व्हायला हवा होता. पुढे झालाही, बरेच दिवस पुरला. पण त्या वेळी जिन्यावर तिला आला तो निव्वळ राग. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, दीर उठला, नवरा उठला. दोन गल्ल्यांवरचा भाऊ आता आठ तास लांब निघाला होता, आणि बोलणं आज सुरू झालं होतं.